लोणी, दूध आणि राबिनोविचबाई

१८९७ साली जर्मनीतल्या आरोग्यशास्त्राच्या एका नियतकालिकात बाजारातल्या लोण्याबद्दल एक निबंध छापून आला. लिहिणारी बाई पंचविशीतली. तिने लोण्याचे ८० नमुने तपासले होते, काही बर्लिनचे आणि काही फिलाडेल्फियाचे. लोकांच्या पावावर रोज जाणाऱ्या लोण्यात क्षयाचे जंतू असतात का, एवढाच प्रश्न होता. त्याआधी काही संशोधकांनी 'असतात' असे छापूनही टाकले होते. युरोपातल्या शहरांत तेव्हा क्षयाने घरेच्या घरे रिकामी होत होती, त्यामुळे ही बातमी कुणाचीही झोप उडवणारी होती.

लिडिया राबिनोविच यांचे उत्तर मात्र वेगळे निघाले. ८० पैकी २३ नमुन्यांत क्षयाच्या जंतूसारखा दिसणारा जंतू होता. आकार तसाच काडीसारखा, रंगही तसाच धरणारा, गिनीपिगच्या पोटात गाठी उठवणारा. पण तो क्षयाचा जंतू नव्हता. खरा क्षयजंतू त्यांना एकाही नमुन्यात मिळाला नाही.

हे काम कसे चालायचे ते जरा सांगते, कारण बाईंचे मोठेपण त्या तपशिलातच आहे. लोणी अंगाच्या उबेइतके कोमट करून वितळवायचे, गिनीपिगच्या पोटात टोचायचे आणि काही आठवडे थांबायचे. मग जनावराचे पोट उघडून यकृत, प्लीहा, आतड्यांवरचा पडदा, लसिकाग्रंथी असे सगळे पाहायचे. गाठी दिसल्या की तिथला अंश काचपट्टीवर घासून घ्यायचा. त्यावर लालभडक रंग चढवायचा आणि पट्टी आम्लाने धुवायची. बाकीचे जंतू धुताना रंग सोडून देतात. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट कवच असते, त्यामुळे तो रंग सोडत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्यात लाल काड्या उठून दिसतात. पोटात गाठी, काचेवर लाल काड्या, म्हणजे क्षय. पुष्कळांचे काम इथे आटोपत असे.

बाईंचे इथे आटोपले नाही. त्यांनी गाठीतला जंतू वेगळा काढला आणि वाढवून पाहिला. खरा क्षयजंतू फार सावकाश वाढतो. त्याला शरीराइतकी ऊब लागते आणि डोळ्यांना दिसेल इतका पसरायला आठवडे लागतात. हा मात्र काही दिवसांतच फोफावला, तोही खोलीतल्या साध्या तापमानाला. एकटाच गिनीपिगला टोचला तर त्या जनावराला क्षय होईना. लोण्याबरोबर टोचला की पोटात गाठी. म्हणजे गाठी उठवण्यात त्या चरबीचाही हात होता, आणि नुसत्या गाठी पाहून निदान करणारे फसत होते. त्याच सुमारास पेट्री यांनाही हा जंतू लोण्यात सापडला. काचेच्या झाकणबशीमुळे ज्यांचे नाव आजही प्रत्येक प्रयोगशाळेत घेतले जाते, तेच हे पेट्री. पुढे जुन्या पुस्तकांतून हा जंतू दोघांच्या नावाने, 'पेट्री-राबिनोविच लोणी-जंतू' म्हणून ओळखला जाऊ लागला.

माझी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत. टँकर आला की नमुना काढणे, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आम्लता, भेसळीच्या चाचण्या, मग पाश्चरायझेशननंतरची तपासणी. ह्या कामात एक गोष्ट रोज अनुभवाला येते. रिपोर्टची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला एक ठरावीक उत्तर हवे असते. कुणाला दूध पास व्हायला हवे असते, कुणाला ते नापास. नमुना काढायच्या आधीच उत्तर हवेत तरंगत असते. अशा हवेत 'दिसते तसे नाही, थांबा' असे म्हणणे किती कठीण असते ते मला माहीत आहे. एका तरुण, परकीय, बिनपगारी बाईने ते १८९७ साली म्हटले, आणि भीती उतरवणारे उत्तर दिले. काही वर्षांनी तिच्यावर अगदी उलट पाळी आली. भीती वाढवणारे उत्तर द्यायचे होते, आणि तेही आपल्या गुरूच्या तोंडावर. तेही तिने दिले. माझ्या लेखी राबिनोविचबाई मोठ्या आहेत त्या ह्या दोन्ही उत्तरांमुळे. नुसत्या एका उत्तरावरून त्यांची किंमत कळत नाही.

त्यांचा जन्म १८७१ चा, कोव्हनो गावचा. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज लिथुआनियात आहे आणि त्याला काउनास म्हणतात. घर ज्यू, सुखवस्तू. वडिलांचा बिअरचा कारखाना होता, पण ते लवकर गेले. लिडिया शेंडेफळ. रशियात ज्यू मुलीला विद्यापीठाचे दार जवळजवळ बंद, जर्मनीतही मुलींना रीतसर प्रवेश नाही. त्या काळात स्वित्झर्लंडची विद्यापीठे मुलींना घेत, म्हणून रशियातल्या कितीतरी मुली गाठोडी बांधून तिकडे जात. ह्याही गेल्या. झुरिक आणि बर्न इथे निसर्गविज्ञान शिकल्या आणि १८९४ मध्ये बर्नची डॉक्टरेट घेतली. विषय होता बुरशीवर्गातल्या काही भूछत्रांची फळे कशी घडतात हा. दुधाशी त्याचा काही संबंध नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बसायची सवय तिथलीच असणार.

मग बर्लिन, रॉबर्ट कॉख यांची संसर्गजन्य रोगांची संस्था. कॉख म्हणजे त्या शास्त्रातले त्या काळचे सर्वांत मोठे नाव. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयाचा जंतू बर्लिनमध्ये जगापुढे मांडला होता. त्यांच्याकडे काम करायला मिळाले हेच पुष्कळ. पगार नव्हता. प्रशियात मुलींना विद्यापीठात रीतसर नाव घालता येऊ लागले ते १९०८ मध्ये. म्हणजे डॉक्टरेट घेऊन प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या ह्या बाईला त्या शहराच्या विद्यापीठात साधी विद्यार्थिनी म्हणूनही जागा नव्हती.

आणि इथे गोष्ट फिलाडेल्फियाला वळते. ते वाचले तेव्हा मी पान उलटायची थांबले. १८९५ पासून राबिनोविचबाई वर्षातला बराच काळ अमेरिकेत शिकवू लागल्या. कॉलेज कोणते, तर वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आपल्या आनंदीबाई जोशींचे कॉलेज. आनंदीबाई तिथून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. १८९२ मध्ये त्याच कॉलेजातून आपल्या गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या आणि पुढे मुंबईत रुग्णसेवेत राहिल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी तिथे राबिनोविचबाईंनी जंतुशास्त्राचे शिक्षण उभे करायला घेतले. लोण्याच्या नमुन्यांत फिलाडेल्फिया कुठून आले, त्याचेही उत्तर हेच.

आनंदीबाई गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात, क्षयाने. वय पुरते बावीसही नव्हते. क्षयाचा जंतू सापडून तेव्हा पाच वर्षे होत होती, पण औषध काहीच नव्हते, आणि पुढे अर्धे शतक ते नव्हतेच. त्यांच्याबद्दल आपल्याकडे खूप लिहिले गेले. गोपाळरावांबद्दल, बोटीच्या प्रवासाबद्दल, अमेरिकेतल्या थंडीत नेसलेल्या नऊवारीबद्दल. पण ज्या कॉलेजात त्या शिकल्या, तिथेच नऊ वर्षांनी एक बाई येऊन त्यांना खाणाऱ्या रोगाचा जंतू मुलींना ओळखायला शिकवत होती, हे मला कुणी कधी सांगितले नव्हते. दोघींचे वयही जवळपासचे. आनंदीबाई सहाच वर्षांनी मोठ्या. जगत्या तर कदाचित पत्रव्यवहारही झाला असता. ही माझी कल्पना आहे, पण ती मनातून जात नाही.

१८९८ मध्ये माद्रिदला आरोग्यशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथेच लिडिया राबिनोविच आणि वॉल्टर केंपनर यांनी लग्न केले. केंपनरही कॉख यांच्याकडचेच. खराब अन्नातून होणाऱ्या बॉट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेवर त्यांनी प्रतिविष बनवले होते. लग्नानंतर बर्लिनला कायमचे बस्तान बसले. पुढच्या वर्षी पहिला मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले रॉबर्ट. कॉख यांच्या नावावरून.

आता कामाचा रोख लोण्याकडून दुधाकडे आणि दुधाकडून गाईच्या कासेकडे गेला. त्या काळचे बर्लिन समजून घेतले पाहिजे. शहर झपाट्याने वाढलेले, दूध आसपासच्या मुलखातून रेल्वेने येणारे. बोले नावाच्या मोठ्या डेअरीच्या घोडागाड्या घंटा वाजवत गल्लोगल्ली दूध घालायच्या, आणि लोक त्या घंटेवरून गाडी ओळखायचे. तान्ह्या मुलांसाठी खास दूधही काही डेअऱ्या विकत, अर्थात जास्त भावाने. आईबापांनी ते विश्वासाने घ्यायचे आणि बाळाला पाजायचे.

नवरा-बायकोने मिळून १८९९ मध्ये जे छापले ते गोठेवाल्यांना आणि पुष्कळ पशुवैद्यांनाही पचणारे नव्हते. तोवर समज असा होता की गाईच्या कासेत क्षयाची गाठ असेल तरच दूध धोक्याचे. कास निरोगी, तर दूध निरोगी. ह्या दोघांनी ट्युबरक्युलिनची चाचणी लागलेल्या गाईंचे दूध घेतले. ट्युबरक्युलिन हे कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरचे औषध म्हणून आणले होते. औषध म्हणून ते फसले, पण टोचल्यावर आजारी जनावराला ताप चढतो म्हणून निदानासाठी कामाला आले. अशा गाईंत काही दिसायला ठणठणीत होत्या. कास मऊ, सड स्वच्छ, धार व्यवस्थित. तरीही त्यांच्या दुधात जिवंत क्षयजंतू निघाले. ह्या वेळी खरे. पुढे मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधातही ते मिळाले. लोण्यावरचे काम बाईंनी सोडले नव्हते, आणि पुढच्या काही नमुन्यांत लोण्यातही खरे जंतू हाती लागले. आधी 'नाही' म्हटले होते म्हणून आता 'नाही'च म्हणत राहायचे, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

दूध हाताळणाऱ्याला ह्याचा अर्थ लगेच कळतो. गाय डोळ्यांनी पाहून दूध चांगले की वाईट ठरवता येत नाही. हात फिरवूनही नाही, वास घेऊनही नाही. आमच्याकडे संकलन केंद्रावर आजही अनुभवी माणूस कॅनचे झाकण उघडून वासावर दूध ओळखतो, आणि नासलेले दूध ओळखण्यात तो सहसा चुकत नाही. पण क्षयाच्या जंतूने दूध नासत नाही. वास नाही, चव नाही, फाटणे नाही. तो दुधात मुकाट बसून राहतो आणि बराचसा वर साईत जातो.

मग आले १९०१. जुलैमध्ये लंडनला क्षयरोगावरची मोठी परिषद भरली. कॉख तिथे बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की माणसाचा क्षय आणि गाईचा क्षय वेगळे आहेत. गाईचा क्षय दुधा-मांसातून माणसाला होणे इतके विरळ आहे की त्यासाठी काही उपाय योजण्याची गरज त्यांना वाटत नाही. सभागृहातल्या सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांना आणि पशुवैद्यांना हा धक्का होता. डेन्मार्कमध्ये बांग या पशुवैद्यांच्या प्रयत्नांनी १८९८ मध्ये कायदा झाला होता, की डेअरीतून वासरांसाठी परत जाणारे स्किम दूध आणि ताक तापवूनच द्यायचे. इतर देश तसे काही करण्याच्या विचारात होते. आणि आता क्षयजंतू शोधणाराच सांगत होता की माणसाच्या बाबतीत काळजीचे कारण नाही.

कॉख यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे, की ते हवेत बोलत नव्हते. माणसाच्या क्षयाचे जंतू त्यांनी शुट्झ या पशुवैद्यांबरोबर तरुण गुरांना टोचून, चारून पाहिले होते, आणि गुरे आजारी पडली नव्हती. अमेरिकेत जंतुशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनीही दोन जातींतला फरक दाखवला होता. फरक आहे, इथपर्यंत कॉख बरोबर होते. पण माणसाचा जंतू गाईला लागत नाही, म्हणून गाईचा माणसाला लागणार नाही, हे त्यातून निघत नाही. उलटा प्रयोग करता येत नाही. मुलांना जंतू टोचून कोण पाहणार? म्हणून कॉख शवविच्छेदनाकडे वळले. दुधातून क्षय होत असता तर तो आधी आतड्यात दिसला असता, आणि आतड्यातला क्षय फारसा आढळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

राबिनोविचबाईंना हे पटले नाही. त्यांचा मार्ग निराळा होता. आजारी माणसाच्या शरीरातून निघालेला जंतूच पुढे घ्या, तो वाढवा, प्राण्यांना टोचा आणि तो कोणत्या जातीचा आहे ते त्यालाच विचारा. ह्या कामात त्या वर्षानुवर्षे गढून गेल्या. माणूस, गुरे, पक्षी. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात क्षयाने मेलेले पक्षीसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. माणसांच्या काही क्षयांत गाईच्या जातीचा जंतू निघत होता. विशेषतः मुलांत, मानेच्या गाठींत आणि पोटात. आपल्याकडे जिला गंडमाळा म्हणत, त्या दुखण्यातल्या कितीतरी मुलांचा क्षय दुधातून आलेला असू शकत होता.

१९०३ मध्ये बाईंनी कॉख यांची संस्था सोडली आणि शारिते रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात योहानेस ओर्थ यांच्याकडे गेल्या. मुलाला ज्यांचे नाव दिले त्यांच्या संस्थेतून उठून जाणे कुणाला सोपे गेले असेल? त्यांच्या मनात काय होते ते मी रंगवून सांगणार नाही. पण गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष छापायचे त्यांनी थांबवले नाही, एवढे कागदावर आहे. इंग्लंडने लंडन परिषदेनंतर लगेच रॉयल कमिशन नेमले. दहा वर्षे काम करून त्याने १९११ मध्ये शेवटचा अहवाल दिला: गाईचा क्षयजंतू माणसाला, आणि त्यातही मुलांना, धोक्याचा आहे. कॉख त्याच्या आदल्या वर्षी वारले होते.

मधल्या काळात जर्मन जंतुशास्त्रज्ञ एमिल फॉन बेरिंग यांनी दुसरे टोक गाठले होते. १९०३ मध्ये ते म्हणाले की फुप्फुसाच्या क्षयाचे मूळच तान्हेपणी प्यायलेल्या दुधात आहे. तेही खरे ठरले नाही. क्षय मुख्यतः माणसाकडून माणसाला, खोकल्यातून आणि श्वासातून जातो. दुधाचा वाटा त्याहून लहान. पण तो लहान वाटा मुलांच्या अंगावर पडत होता, आणि दूध तापवण्याइतक्या सोप्या उपायाने तो टळण्याजोगा होता. म्हणूनच मला त्या वाट्यावरून झालेले भांडण क्षुल्लक वाटत नाही.

१९१२ मध्ये कैसर दुसऱ्या विल्हेल्मने त्यांना प्रोफेसर ही पदवी दिली. बर्लिनमध्ये असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मानाची होती, तिच्याबरोबर विद्यापीठातली खुर्ची किंवा पगार आला नाही. १९१४ पासून क्षयरोगाला वाहिलेल्या एका महत्त्वाच्या जर्मन नियतकालिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. शिकणाऱ्या मुलींना बिनव्याजी कर्ज मिळवून देणाऱ्या संस्थेचे कामही त्या करत. स्वतः कशातून गेलो ते विसरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

घरात मात्र तोच रोग शिरला होता. १९२० मध्ये नवरा क्षयाने गेला. १९३२ मध्ये मुलगी नादिया, साहित्याची अभ्यासक, तिशी उलटते न उलटते तोच क्षयाने गेली. ज्या जंतूचा रंग, आकार, वाढ, जात सगळे बाईंना ठाऊक होते, त्यानेच घरातली दोन माणसे नेली, आणि देण्यासारखे औषध तेव्हाही जगात कुणाकडे नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे परिणामकारक औषध यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. ह्याबद्दल आणखी काही लिहावे असे मला वाटत नाही.

नवरा गेला त्याच वर्षी बर्लिनच्या मोआबिट रुग्णालयातल्या जंतुशास्त्र संस्थेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, आणि वयाच्या जवळजवळ पन्नाशीत त्यांना जर्मनीत पहिल्यांदा नीट पगाराची नोकरी मिळाली. मोआबिटमध्ये ज्यू डॉक्टर पुष्कळ होते. १९३३ मध्ये हिटलर आला आणि त्यांना एकामागून एक काढून टाकण्यात आले. राबिनोविचबाईंना १९३४ मध्ये सक्तीने निवृत्त केले. संपादकपदही गेले. ३ ऑगस्ट १९३५ रोजी बर्लिनमध्येच त्या वारल्या.

मुले देश सोडून गेली. धाकटा वॉल्टर अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉक्टर म्हणून काम करू लागला आणि औषधे हाताशी नसलेल्या काळात जीवघेण्या रक्तदाबाच्या रुग्णांना भात आणि फळांवर ठेवून बरे करण्याबद्दल त्याचे नाव झाले. थोरला रॉबर्ट वकील. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीतून सुटून तो इटलीमार्गे अमेरिकेला पोहोचला आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत सरकारी वकील म्हणून परत आला. ज्यूंच्या संहाराची आखणी ज्या बैठकीत झाली तिचे टिपण, वानझे प्रोटोकॉल, १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींतून शोधून काढला तो त्याच्याच हाताखालच्या माणसांनी.

बाई गेल्या त्याच सुमारास इंग्लंडमध्ये के आणि ग्रॅहम या शास्त्रज्ञांची एक चाचणी पुढे आली. तिचे पुढचे रूप मी जवळजवळ रोज वापरते. फॉस्फेटेज. कच्च्या दुधात हे विकर (एन्झाइम) नैसर्गिकच असते, आणि गंमत अशी की ते नाहीसे व्हायला क्षयजंतू मरायला लागते त्याहून किंचित जास्त उष्णता लागते. म्हणजे विकर मेले असेल तर जंतू नक्की मेला. जिवंत जंतू शोधायला आठवडे, गिनीपिग आणि काळजाचा ठोका; इथे काचेच्या दोन नळ्या पुरतात. एकीत पाश्चराइज केलेले दूध, दुसरीत तुलनेसाठी उकळलेले. दोन्हींत तेच द्रावण घालून ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायच्या. ठरलेल्या वेळाने पाहिले आणि नळी पांढरीच राहिली तर बरे. पिवळी झाली, तर प्लँटमध्ये कुठेतरी तापमान कमी पडले आहे किंवा कच्चे दूध मिसळले आहे. ७२ अंशांना १५ सेकंद हा आकडा आमच्या भिंतीवर लिहिलेला असतो. पाश्चरायझेशनचे आकडे ठरवताना बराच काळ नजरेसमोर होता तो क्षयाचाच जंतू.

आपल्याकडे पिशवीतले दूधही घरी आणल्यावर उकळतातच. आजीने उकळले, आईने उकळले, म्हणून आपणही उकळतो. ह्या सवयीने किती मुलांना वाचवले असेल त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण वाचवले आहे. म्हणून आता शहरांत काचेच्या बाटलीतून 'गोठ्यातून थेट, न तापवलेले' दूध महागात विकले जाते आणि ते कच्चेच प्यायचा सल्ला दिला जातो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. गाय देशी असो की संकरित, गोठा स्वच्छ असो, मालक सज्जन असो. दिसायला निरोगी गाईच्या दुधात जंतू असू शकतो, हे १८९९ सालीच दाखवून झाले आहे. दूध तापवा. लहान मुलांसाठी तर तापवाच.

आपल्या बहुतेकांच्या दंडावर क्षयावरच्या बीसीजी लशीचा व्रण असतो. त्या लशीतला जंतू मूळचा गाईचा. नोकार या फ्रेंच पशुवैद्याने कासेचा क्षय झालेल्या एका कालवडीच्या दुधातून तो वेगळा काढला होता. काल्मेत आणि गेराँ यांनी लील गावी तेरा वर्षे तो पुन्हा पुन्हा वाढवून निरुपद्रवी केला आणि १९२१ मध्ये पहिल्या बाळाला दिला. दुधातल्या ज्या जंतूमुळे एवढे वाद झाले, त्याच्याच मवाळ रूपाची खूण आपण जन्मभर अंगावर वागवतो.

आणि वाद संपलेला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या क्षयरुग्णांचे नमुने जनुकीय पद्धतीने तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाईचा म्हणून ओळखला जाणारा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस त्यात सापडला नाही, सापडली ती फक्त त्याची लशीतली मवाळ जात. पण काही थोड्या रुग्णांत जनावरांतला दुसराच भाऊबंद निघाला, मायकोबॅक्टेरियम ओरिगिस. नेहमीच्या चाचणीत तो वेगळा ओळखूही येत नाही. कोणता जंतू, कुठून आला, हा राबिनोविचबाईंचाच प्रश्न, आता आपल्या दारात.

त्याचे उत्तर रुग्णालयात पुरते मिळणार नाही, गोठ्यात जावे लागेल. आणि तिथे अडते. युरोपने चाचणी लागलेली गुरे पुढे मारून टाकली. आपल्याकडे गाय मारता येत नाही, कायद्याने नाही आणि मनानेही नाही. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईला मी चाचणीला गाय दे म्हणाले, तर तिचा पहिला प्रश्न असेल, 'लागण निघाली तर पुढे काय?' त्याला उत्तर तयार नसेल तर ती नमुना देणार नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. बांग यांनी डेन्मार्कमध्ये जी रीत घातली होती ती इथे पुन्हा वाचण्यासारखी आहे. लागण असलेली गाय वेगळी बांधायची, तिचे वासरू जन्मताच तिच्यापासून दूर न्यायचे, त्याला तापवलेले दूध पाजायचे, आणि निरोगी कळप हळूहळू वासरांपासून उभा करायचा. बरीचशी गुरे न मारता. वेगळा गोठा, वेगळी दावण, दूध तापवायला सरपण किंवा गॅस आणि त्या काळात बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई, एवढे कुणी दिले तर आमच्या तालुक्यात गाई तपासायला लोक तयार होतील असे मला वाटते.